हयातीतली सनद

दादा,

तुझं वाद्य आमच्या घरी येऊन आज अठरा दिवस झाले. त्याची पेटी अजून बंद आहे. आतल्या तातामीच्या, चटयांच्या जमिनीच्या खोलीत कपाटाला टेकवून ती उभी केली आहे, आणि इरा आता त्या खोलीत अभ्यासाला बसत नाही. वह्या उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येते. काही विचारलं की "दाइजोबु" म्हणते, ठीक आहे म्हणते, आणि पुन्हा वहीत मान घालते. तीच ही तुझी भाची, जिला सलग दहा मिनिटं गप्प बसवणाऱ्याला तू बक्षीस लावलं होतंस.

परवा जेवताना आतून फाटकन आवाज आला. पेटीतली तार तुटली असणार. आतड्याच्या तारा हवेतली ओल पितात आणि उन्हाळा लागला की आपोआप तुटतात, हे तूच सांगितलेलं. मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं. नितीन म्हणाला, "हो, हवाच तशी आहे." इराने हातातला घास ताटात ठेवला आणि उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. काचेपलीकडून ती आत बघत होती. आमच्याकडे नाही, त्या खोलीच्या दाराकडे.

मला भीती वाटते आहे. तुझ्यासाठी रडायचं मी पुढे ढकललं आहे, कारण माझ्या मुलीला वाटतंय की तिने तुला मारलं.

तू कुठे जन्मलास, कुठल्या कंपनीत होतास, हे मी लिहिणार नाही. ते नितीनने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धवट सोडून तू आधी कधी गेला नव्हतास.

पुण्याहून जपानला सॉफ्टवेअर लिहायला आलेला माणूस तू. कोणीतरी जादाचं तिकीट दिलं म्हणून एका छोट्या सभागृहात गेलास आणि व्हायोल ऐकून आलास. दोन पायांत धरून गजाने वाजवायचं, सात तारांचं जुनं फ्रेंच वाद्य. "आपल्या सारंगीची मावसबहीण," अशी तू त्याची ओळख करून द्यायचास. आईने फोनवर विचारलं, "तारा कसल्या रे?" तू म्हणालास, "बकरीच्या आतड्याच्या." पलीकडे इतका वेळ शांतता होती की तुला वाटलं फोन कट झाला. मग आई म्हणाली, "वाजव हो. पण देवासमोर नको." हा किस्सा तू निशी-कसाईतल्या प्रत्येक गणपतीत सांगितलास, आणि दर वेळी आईच्या वाक्याला तुझा आवाज जरा हळवा व्हायचा.

इरा पोटात असताना मी नितीनबरोबर इथे आले. वॉर्ड ऑफिसात, दवाखान्यात, घराच्या करारावर, जिथे जिथे माझी बोबडी वळली तिथे तू बोललास. फुनाबोरीहून सायकलवरून यायचास, मागे भाजीची पिशवी. मला ऑफिसातून यायला उशीर झाला की इरा तुझ्याकडे. तुझं ते गाठी झालेलं पिठलं खाऊन ती मोठी झाली, आणि आठव्या वर्षी तू तिच्या हातात गज दिलास. कधी म्हटलं नाही म्हणून आता म्हणते. तू नसतास तर मी दुसऱ्याच वर्षी बॅगा भरल्या असत्या.

आणि मग तुझं ते घराणं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ते माझ्या तोंडून एकदाही बरोबर आलं नाही आणि तू एकदाही मला त्यातून सोडलं नाहीस. फ्रान्सच्या राजाच्या खासगी दालनात व्हायोल वाजवणाऱ्या चार पिढ्या. बाप, मुलगा, नातू, पणतू. त्यांच्यावर तू मराठीत पुस्तक लिहायला घेतलंस. कोण वाचणार, असं मी विचारलं तर म्हणालास, "तू. चुका काढायला."

त्या दरबारात एक रीत होती. वादकाची खुर्ची मुलाला मिळायची, पण बाप गेल्यावर नाही. बाप हयात असतानाच राजा मुलाच्या नावाने कागद करून द्यायचा, की हा गेला म्हणजे ही जागा तुझी. त्या दिवसापासून मुलाने बापाच्या मागे बसायचं, पानं उलटायची आणि वाट बघायची. या कागदाला मराठीत काय म्हणावं यावर तू महिनाभर अडला होतास. मी भांडी विसळता विसळता म्हटलं, "वतनच की हे. सनद म्हण." तू उठून माझ्या हातातलं पातेलं घेतलंस आणि उरलेली सगळी भांडी स्वतः घासलीस. प्रकरणाला नाव दिलंस, 'हयातीतली सनद'.

मला ती माणसं कधीच आवडली नाहीत. तिसऱ्या पिढीतल्याला घड्याळं दुरुस्त करायची होती, पण त्याच्या नावाने सनद झाली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला कोणी विचारलं नाही.

"ही वेठबिगारी आहे, दादा," मी म्हणायची.

"आणि इराला तू गणिताच्या जुकुला घातलंस ते?"

"जुकु ही शिकवणी आहे. जन्मठेप नाही."

"तिला विचारलं होतंस?"

इथे नितीन टीव्हीचा आवाज वाढवायचा.

त्या घराण्याच्या कागदांत तुला एक गोष्ट सापडली होती. ती तू आम्हाला दिवाळीनंतरच्या रविवारी सांगितलीस, फराळाची ताटं पुढ्यात असताना. सनदेवर राजाचा शिक्का पडला की वर्ष उलटायच्या आत बाप जायचा. पहिला गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. चौथ्याला म्हणे इतकी धास्ती बसली की त्याने मुलाच्या नावाने सनद मागितलीच नाही, आणि घराणं तिथे संपलं. तू हे सांगताना हसत नव्हतास. इराने चकली हातातच धरून ठेवली होती.

मग तू पिशवीतून एक कागद काढलास. तुझ्या सुरेख अक्षरात, वर श्री घालून लिहिलेला. "चिरंजीव इरा हीस सनद लिहून दिली ऐसीजे, सदरहू वाद्य व आमची बसावयाची जागा तुजला दिली असे. अनुभवून सुखरूप राहाणे." आपल्या जुन्या सनदांत 'पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने' असं असतं, ते तू गाळलं होतंस. माझ्या भांडणाला तू दिलेलं ते उत्तर होतं. मला बरं वाटलं.

खाली तू तुझा हानको, नावाचा लाल शिक्का, उमटवलास. इराने धावत जाऊन स्वतःचा नवा शिक्का आणला, लाल शाईत बुडवला आणि कागदावर आणून हात तसाच वर धरला.

"पण मग मामा मरणार?"

तेव्हा तू गप्प होतास. बोलले मी. ऑफिसात माझं काम बिघाडाचं मूळ शोधायचं, आणि घरी आले तरी ती खोड जात नाही. "अगं, सनद झाली म्हणून ते मेले नाहीत. हात कापायला लागले, दुखणं कळलं, तेव्हा त्यांनी सनदेसाठी धावपळ केली. आधी मरण, मग कागद. तुझ्या मामाने उलटं लावलंय." इराने सुटकेचा श्वास टाकला आणि शिक्का मारला. नितीनने फोटो काढला. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "बरोबर आहे तुझं. असंच असणार."

त्यानंतरचा हिवाळा मी आता रोज उलगडून बघते. तू सायकल सोडून बसने यायला लागलास, म्हणालास थंडी फार आहे. तुझ्या हातून कप निसटला, म्हणालास ओला होता. एकदा लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवलीस, "उघड गं जरा." मी म्हटलं, "म्हातारा झालास." तू म्हणालास, "झालो खरा." आणि मी हसले.

फेब्रुवारीत तुमच्या वादकांच्या गटाचा कार्यक्रम झाला. तू पुढे, तुझ्या मागे इरा गटाचं जुनं व्हायोल घेऊन, बाजूला पियानोसारख्या हार्प्सिकॉर्डवर ओनो-सान. तो संथ तुकडा तू असा काही वाजवलास की माझ्या शेजारची अनोळखी बाई रुमाल काढून बसली. मी सगळं मोबाइलवर घेतलं, आईला पाठवलं. बाहेर आल्यावर तुझा दंड धरून म्हटलं, "दादा, आज तू काय वाजवलंस." तू म्हणालास, "आज वाजलं खरं," आणि इराच्या डोक्यावर हात ठेवलास.

एप्रिलच्या सुरुवातीला तू स्टेशनच्या जिन्यावर पडलास. हॉस्पिटलात डॉक्टर माझ्याशी अशा रीतीने बोलत होते, जणू मला मागचं सगळं ठाऊक आहे. मला वाटलं माझंच जपानी अपुरं पडतंय, म्हणून मी मान डोलावत राहिले. इतक्या वर्षांची सवय. न कळलेल्या वाक्याला मान डोलावायची आणि घरी येऊन तुला फोन करून अर्थ विचारायचा. या वेळी फोन कोणाला करणार होते? दहा दिवसांत सगळं संपलं.

तुझं घर रिकामं करायला मी एकटीच गेले. इथे गेलेल्या माणसाचाही कचरा निवडूनच टाकावा लागतो. जळणारा एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे, कागद गठ्ठा बांधून. कागदांचा एक गठ्ठा तू आधीच दोरीने नीट बांधून दाराशी ठेवला होतास. त्यात हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या होत्या. पहिली ऑक्टोबरची. मेंदूत गाठ. ऑपरेशन केलं तर डावा हात जाण्याची शक्यता. ऑपरेशनला नकार, आणि खाली तुझा तोच लाल शिक्का. आपला फराळ नोव्हेंबरातला.

म्हणजे मूळ मी बरोबर शोधलं होतं. तुझ्यासमोर बसून, तुलाच समजावून सांगितलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

तू मला सांगितलं नाहीस याचा राग मी नंतर करीन. आधी इरा. ओनो-सान वाद्य पोचवायला आले तेव्हा ती दाराआड उभी होती. तिला बाहेर बोलावलं तर त्यांनी तिला माझ्यापेक्षा खाली वाकून नमस्कार केला. वारस म्हणून असेल, असं मला वाटलं. ती मात्र पांढरीफटक पडली. त्या दिवसापासून ती अशी आहे. शिक्का मारला आणि मामा गेला, वर्षाच्या आत, त्या तिघांसारखा. तेरा वर्षांच्या डोक्यात यापेक्षा वेगळं काय येणार? तिला त्यातून सोडवायचं तर चिठ्ठ्या दाखवाव्या लागतील. मामाला आधीपासून माहीत होतं आणि तो हसत करंज्या खात होता, हे सांगावं लागेल. तुझ्याबद्दल असं तिला सांगायला माझा जीव होत नाही. पण उद्या सांगणार आहे. शनिवार संपत आला, इथे थांबते.

आज रविवार. सकाळी आम्ही दोघी आराकावा नदीच्या बांधावर गेलो होतो. वारा चांगला होता, माणसं पळत होती, एक म्हातारं जोडपं कुत्र्याला छत्रीच्या सावलीतून नेत होतं. मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. चिठ्ठ्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या आणि सांगितलं, की बघ, मामा आधीच आजारी होता. तुझ्या शिक्क्याचा काही संबंध नाही. तू काही केलेलं नाहीस.

तिने चिठ्ठ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"शित्तेता," ती म्हणाली. माहीत होतं. मग मराठीत म्हणाली, "जानेवारीपासून."

दादा, मला आधी कळलंच नाही ती काय बोलते आहे ते. मी पुन्हा शिक्क्याचं सांगायला लागले. तिने मला थांबवलं, जशी ती माझं चुकलेलं जपानी थांबवते.

"आई, मी लहान नाहीये. शाप वगैरे काही नसतं, तूच सांगितलंस ना. मी त्याला विचारलं, मामा, तू तारेवर करंगळी का दाबत नाहीस. मग त्याने सांगितलं."

मग तिने मला तुझ्या पुस्तकातलं ते पान सांगितलं, जे तू मला वाचायला दिलं नाहीस. मागे बसलेला मुलगा नुसती पानं उलटत नसे. बापाचा हात जायला लागला की मागे बसून तोच वाजवायचा, हुबेहूब बापासारखा, आणि बाप तारांवरून नुसता गज फिरवायचा. दालनातल्या बाकीच्या वादकांना ते ठाऊक असायचं. फक्त राजाला कळू द्यायचं नाही.

"मामा म्हणाला, सनद त्यासाठीच असते."

"आणि आपल्याकडे राजा कोण?" मी विचारलं.

"तू," ती म्हणाली. अगदी सहज. "त्याने सांगितलं, आईला कळलं तर ती त्याच दिवशी ऑपरेशनला नेईल. हात गेला तर मग मी काय करू, म्हणाला."

नेलं असतंच. ओढत नेलं असतं. कदाचित आज तू हाताशिवाय असतास आणि माझ्याशी बोलत नसतास, पण असतास.

म्हणजे फेब्रुवारीत मी जिला ऐकलं ती इरा होती. आईला पाठवला तो इराचा हात होता. मी पोटच्या मुलीचं वाजवणं ओळखलं नाही आणि तिच्यासमोर ते तुझं म्हणून वाखाणलं, आणि ती तुझ्या हाताखाली मान घालून उभी राहिली. ओनो-सान तिला का वाकले ते आता कळलं. घरी आल्यावर व्हिडिओ पुन्हा लावला. एकदा माहीत झालं की आंधळ्यालाही दिसेल. सूर चालू आहे आणि तुझी करंगळी तारेच्या वर अधांतरी आहे.

"मार्चमध्ये सांगू म्हणाला होता," ती सांगत होती. "मग मला म्हणाला, तुझी परीक्षा होऊ दे. मग तुझ्या ऑफिसात नव्या सिस्टीमचं गो-लाइव्ह होतं, तू रोज चिडायचीस. मग तो जिन्यात पडला." तिने चिठ्ठ्यांची घडी केली, कडा जुळवून. "आता सांगितलं तर चालेल ना?"

हे तिने मला विचारलं नाही, दादा. ती नदीकडे बघत होती. उत्तर तू द्यायचं होतंस. तू नव्हतास म्हणून मी दिलं. "चालेल," म्हटलं, आणि तुझ्याऐवजी बोलण्याची ती पहिली वेळ होती.

तुझं मरण तुझं होतं. ते माझ्यापासून लपवलंस, हे मी आज ना उद्या गिळीन. तू आयुष्यभर माझ्यासाठी बोललास, एकदा माझ्यासाठी गप्प बसलास, असं स्वतःला समजावीन. पण ते तू एका तेरा वर्षांच्या मुलीकडे सांभाळायला दिलंस. आणि तिने ते सांभाळलं, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, डबा भरून घेताना, जुकुला जाताना. एकदाही चुकली नाही. मी तिच्यावर इतका विश्वास कधी टाकला नव्हता. तू टाकलास आणि ती त्याला पुरून उरली, याचा मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी तुला गदागदा हलवावंसं वाटतं. तू तिला वाजवायला शिकवलंस त्याबद्दल मी जन्मभर तुझी ऋणी आहे. हे दुसरं जे शिकवलंस त्याबद्दल नाही.

परत येताना पुलाच्या अलीकडे ती थांबली. इतके दिवस गप्प असलेली मुलगी सगळी वाट बोलत होती, आणि मी मनात म्हणत होते, सुटली एकदाची.

"आई, तुला काही झालं तर तू मला सांगशील ना? की मीच ओळखायचं?"

मी म्हटलं, सांगीन. लगेच म्हटलं, हसून म्हटलं, वर तिच्या पाठीवर थापही मारली. तुझ्याच पद्धतीने.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, तळवे वर केले, आणि एकेक बोट दाबून पाहिलं.